स्पार्टन स्प्रिंट: पहिली अडथळा-शर्यत म्हणून कशी आहे, आणि तयारीत नेमकं काय करावं

न थांबता दोन किलोमीटर पळता येत असेल आणि हाताशी तीन महिने असतील, तर पहिली अडथळा-शर्यत म्हणून स्पार्टन या शर्यत-मालिकेतली स्प्रिंट निर्धास्तपणे घ्या. अंतर ५ किलोमीटर, अडथळे २०. याच मालिकेतली सुपर १० किलोमीटर आणि २५ अडथळ्यांची असते, बीस्ट २१ किलोमीटर आणि ३० अडथळ्यांची. पहिल्या खेपेला या दोन्ही नकोत. अर्धमॅरेथॉन धावलेली माणसं 'पाचच किलोमीटर?' म्हणून थेट सुपरला जातात आणि तिथे फसतात, कारण या शर्यतीत आधी थकतो तो हात. पाय आणि दम शिल्लक असतो, पण बोटं मिटत नाहीत. स्प्रिंटमध्ये पकड संपायच्या आत शर्यत संपवता येते, हा तिचा नवख्यांसाठी सगळ्यात मोठा गुण.

ही मालिका जो डी सेना यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात सुरू केली. आता ती अमेरिका, युरोप, आखात अशी पसरली आहे, त्यामुळे अबुधाबी-दुबईतल्या किंवा न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना ती फार लांब जावं न लागता मिळते. मुंबई-पुण्यात होत आलेली डेव्हिल्स सर्किट ही ५ किलोमीटर, १५ अडथळ्यांची शर्यत याच जातीची. तिच्यात बर्फाच्या पाण्याचा अडथळा असतो, हे सोडलं तर पुढची बहुतेक तयारी तिलाही लागू पडते.

शुल्कात काय मिळतं

नोंदणीच्या पैशांत मनगटावरची टायमिंग चिप, कपाळावर बांधायची क्रमांकाची पट्टी, शेवटी मेडल आणि फिनिशरचा टी-शर्ट मिळतो. शर्यतीची तारीख जवळ येते तसं शुल्क चढत जातं, म्हणून ठरलं की लगेच नोंदवणं शहाणपणाचं. पार्किंग, सामान ठेवण्याची सोय आणि सोबत येणाऱ्या घरच्यांचा प्रवेश यांचे पैसे वेगळे असू शकतात. पैसे भरण्याआधी ते पान नीट वाचावं.

धावायचे तीन गट असतात: एलिट, एज ग्रुप आणि ओपन. नवख्यांनी ओपनच घ्यावा. ओपनमध्ये भिंतीवर चढताना कुणी खांदा दिला, वरून हात दिला तर चालतं. बाकी दोन्ही गटांत अशी मदत चालत नाही. ओपनमध्येही सकाळची लवकरची हीट (एका वेळी सोडली जाणारी तुकडी) मिळाली तर उत्तम. पुढच्या हीट येईपर्यंत शेकडो चिखलाचे हात बारवरून गेलेले असतात, लोखंड निसरडं होतं आणि अडथळ्यांपाशी रांगा लागतात. रांगेत उभं राहून ओलं अंग गार पडतं आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात.

दंडाचा हिशोब

अडथळा चुकला की दंड म्हणून ३० बर्पी (जमिनीवर पालथं होऊन उठून उडी मारण्याचा व्यायाम), ही स्पार्टनची जुनी ओळख. अलीकडे काही अडथळ्यांवर बर्पीऐवजी दंडाची जादा फेरी असते. आपल्या शर्यतीत कुठे काय आहे ते त्या-त्या वेळच्या नियमपत्रकात दिलेलं असतं. नवखा माणूस साधारण चार-पाच ठिकाणी चुकतो: भालाफेक, दोरचढाई, मंकी बार (लोंबकळत एकेक आडवी दांडी पकडत जाणं), मल्टी-रिग (कड्या, दोऱ्या, पाइप यांना लोंबकळत जाणं) आणि ऑलिंपस (तिरप्या फळीवर आडवं सरकणं). पाचही चुकले तर १५० बर्पी झाल्या. प्रत्येक तिशीला तीन-चार मिनिटं धरली तरी पंधरा-वीस मिनिटं तिथेच जातात, शिवाय खांदे निकामी होतात आणि पुढचा अडथळाही हातचा जातो. म्हणून तयारीचा मोठा वाटा या पाचांना द्यावा. धावण्याचा वेग वाढवण्यापेक्षा त्यात कितीतरी जास्त वेळ वाचतो.

तरीही बर्पीचा सराव हवाच. खाली वाकून तळहात जमिनीवर, पाय मागे, छाती जमिनीला टेकली, पाय पुढे, उभं राहून उडी आणि दोन्ही पावलं जमिनीवरून सुटली, अशी एक पुरी होते. छाती टेकली नाही तर ती मोजत नाहीत. सहा-सहाच्या पाच तुकड्या कराव्यात, मध्ये चार खोल श्वास. सलग तीस मारायला गेलं की अठराव्या-विसाव्याला कंबर ढिली पडते आणि पाठ धरते.

पकड: तीन महिन्यांचं खरं काम

घरात दाराच्या चौकटीत बसणारा बार पुरतो, पण स्क्रू मारून बसवायचाच घ्यावा. नुसता दाबावर अडकणारा बार लोंबकळताना झोका घेतला की सरकतो. चौकट लाकडी आणि भिंतीत पक्की असेल तरच बसवा. सोसायटीच्या बागेतला किंवा शाळेच्या मैदानातला लोखंडी बार याहून चांगला, कारण तिथे झुलता येतं.

पहिले चार आठवडे नुसतं लोंबकळायचं. हात सरळ, अंगठा बारभोवती, खांदे कानांपासून किंचित खाली ओढलेले. खांदे पूर्ण सैल सोडले की भार सांध्यावर येतो आणि दुखणं मागे लागतं. २० सेकंदांच्या पाच खेपा, आठवड्यातून तीन दिवस. दर आठवड्याला दहा-दहा सेकंद वाढवत सलग ६० सेकंदांवर यायचं. मग एका हातावर १०-१० सेकंद. मंकी बारवर हात बदलताना पूर्ण अंग एका हातावरच असतं, त्यामुळे दोन हातांवर दोन मिनिटं लोंबकळणाराही ही पायरी गाळली तर पहिल्या तीन दांड्यांत गळतो.

पाचव्या आठवड्यापासून बारवर जाड टॉवेल टाकून त्याची दोन टोकं पकडून लोंबकळा. दोर चढणं आणि हर्क्युलिस होइस्ट (कप्पीवरून पोतं वर ओढणं), दोन्हींची पकड यातून तयार होते. पुल-अप येत नसेल तर स्टुलावरून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. असे पाच, तीन वेळा. दोन महिन्यांत एक-दोन पुल-अप जमू लागतात आणि स्प्रिंटला तेवढ्या पुरतात.

तळहातांवर घट्टे येतील. ते उंच वाढू देऊ नका, नाहीतर बारवर चिमटा बसून कातडी सोलवटते. आंघोळीनंतर वजरीने हलकेच घासून सपाट ठेवावेत, वर खोबरेल तेलाचं बोट. शर्यतीआधीचे पाच दिवस लोंबकळणं पूर्ण बंद. ताकद कमी होत नाही आणि कातडी भरून येते.

एकेक अडथळा

मंकी बारवर झोका खांद्यातून न देता कमरेतून द्यावा. नवख्याने प्रत्येक दांडीवर दोन्ही हात आणून मग पुढे जावं, वेळ लागला तरी चालेल. मल्टी-रिगमध्ये कड्या, दोरीचे तुकडे, आडवे पाइप असं मिश्रण असतं. तिथे थांबून विचार करणाऱ्याची पकड जाते, म्हणून क्रम आधी खालूनच बघून ठेवायचा. चढण्याआधी तळहात कोरड्या मातीत घासले तर चिखलाचा ओलसरपणा निघतो. ओल्या कपड्याला पुसून काहीच होत नाही.

ऑलिंपस ही तिरपी फळी, तिच्यावर साखळ्या, भोकं आणि हाताच्या पकडी असतात आणि आडवं सरकत जायचं असतं. इथे सगळे वर ओढून घेतात आणि पावलं निसटतात. बूड खाली, हात सरळ, गुडघे आणि पावलं फळीवर दाबलेली असं राहिलं तर बराचसा भार पायांवर जातो.

दोरचढाई हातांनी करायची नसते. दोर उजव्या पायाच्या बाहेरून खाली येऊ द्या. डाव्या पावलाने तो उजव्या तळव्याखालून उचलून डाव्या पावलावर घ्या आणि दोन्ही पावलं एकमेकांवर आवळा. दोर अडकला की त्यावर उभं राहायचं, हात वर, गुडघे पोटाशी, पुन्हा आवळायचं. पाच-सहा वेळा असं केलं की घंटेला हात पोचतो. हे जमिनीवर खुर्चीत बसून शंभरदा केल्याशिवाय वर जाऊन जमत नाही. उतरताना हाताखाली हात. घसरत आलात तर तळहात आणि नडगी दोन्ही भाजून निघतात.

याबाबतीत महाराष्ट्रातल्या माणसाला एक सोय आहे, तिचा उपयोग फारच थोडे करतात: मल्लखांब. दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर असो, पुण्यातलं महाराष्ट्रीय मंडळ असो, वर्ग जवळ असेल तर दोन महिने जाऊन यावं. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरतात. ते बूट घालून करता येणार नाही, पण पायांची अढी, अंगाचा तोल आणि उलटं-सुलटं होतानाची निर्भयता जशीच्या तशी कामी येते. घरी दोर टांगायचा असेल तर बोटांच्या पकडीत पुरता मावणार नाही इतका, म्हणजे ३५ ते ४० मिलिमीटरचा घ्या. झाडाला बांधणार असाल तर शेवग्याच्या वाटेला जाऊ नका, ती फांदी न सांगता मोडते.

भाल्याला एकच फेक मिळते. निशाण आठ-नऊ मीटरवर आणि भाल्याच्या शेपटीला दोर. नेम बरोबर असला तरी दोर पायाखाली किंवा कठड्यात अडकला की फेक वाया जाते. फेकण्याआधी दोर पुढच्या बाजूला मोकळा पसरवा, मगच भाला उचला. बोटावर तोलून भाल्याचा मध्य शोधा, तिथेच धरा. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय पुढे, टोक निशाणाच्या किंचित वर, हात कानाजवळून सरळ पुढे. जोर फार लागत नाही. दोन मीटरच्या बांबूला खिळा ठोकून कडब्याच्या पेंढ्यांवर रोज वीस फेका टाकल्या तर तीन आठवड्यांत हात बसतो. स्वस्तात ३० बर्पी वाचवणारा याहून चांगला सराव नाही.

आठ फुटी भिंतीला चार-पाच पावलांचा वेग घेऊन यायचं, एक पाऊल कमरेच्या उंचीवर भिंतीला आपटून अंग वर ढकलायचं आणि दोन्ही हात कडेवर टाकायचे. मग कोपर, मग टाच, मग पोट. पलीकडे बसून उडी मारू नका. कडेला धरून पूर्ण लोंबकळलं की साडेपाच फुटी माणसाची पावलं जमिनीपासून फूटभरच राहतात, मग हात सोडायचे. या शर्यतींत घोटे मुरगळतात ते बऱ्याचदा अशा उड्यांमुळे.

निसरड्या उताराच्या भिंतीवर दोर ताणून धरून अंग मागे टाका, पावलं पूर्ण टेकवा. पुढे वाकलं की पाय निसटलेच. हर्क्युलिस होइस्ट म्हणजे कप्पीवरून पोतं वर ओढायचं: दोर वर जितका उंच धरता येईल तितका धरून खाली बसायचं, म्हणजे आपलं वजनच काम करतं. पोतं खाली सोडताना दोर हातातून सरकू देऊ नका. काटेरी तारांखाली जागा असेल तिथे आडवं लोळत जाणं रांगण्यापेक्षा वेगवान, पण चक्कर येते. आठ-दहा वेळा लोळून मग चार हात रांगा.

ओझी

वाळूची पिशवी, बादली आणि अ‍ॅटलासचा दगड ही तीन ओझी बहुधा असतातच. वजन स्त्री-पुरुषांना वेगळं. सरावाला २० लिटरची रिकामी रंगाची बादली आणा. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे काठोकाठ बादली तीस किलोच्या पुढे जाते. सुरुवात अर्ध्या बादलीने. शर्यतीत कडी धरून नेता येत नाही, बादली पोटाशी कवटाळावी लागते. एका हाताने दुसरं मनगट बादलीच्या बुडाखाली धरा आणि पाठ सरळ ठेवून छोटी पावलं टाका. बोटांत बोटं अडकवणाऱ्यांची पकड शंभर पावलांत सुटते. पोत्यात १५ किलो वाळू दुहेरी प्लास्टिकमध्ये भरून दोन-तृतीयांशच भरा, म्हणजे ते खांद्यावर बसतं. गच्च भरलेलं गडगडतं.

पुण्यात वेताळ टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या, सिंहगडाची पायवाट ही या सरावाची फुकटातली मैदानं. चढ ओझ्यासकट, उतार रिकाम्या हाताने. उतारावर ओझं घेतलं की गुडघे बोलू लागतात.

आठवडा कसा मांडावा

आठवड्यात तीन दिवस धावणं: एक दिवस सावकाश ४ ते ६ किलोमीटर, एक दिवस टेकडी, एक दिवस मिश्र. दोन दिवस पकड आणि ओझी, दोन दिवस विश्रांती. पकडीचा तिसरा वार मिश्र दिवशीच पडतो. मिश्र दिवस सगळ्यात महत्त्वाचा: ४०० मीटर धाव, १० बर्पी, ३० सेकंद लोंबकळणं, लगेच पुढची ४०० मीटर, अशा पाच फेऱ्या. ताज्या हाताने मिनिटभर लोंबकळणारा धापा टाकत असताना पंधरा सेकंदांतच सुटतो, आणि शर्यतीत नेहमी धापा टाकतच बार धरायचा असतो. धावताना मुठी आवळू नका. दोन अडथळ्यांच्या मध्ये हात खाली सोडून झटकत राहिलं की कोपराखालचा ताठरपणा उतरतो. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा.

खांदा पूर्वी निखळलेला असेल, मणक्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर नोंदणीच्या आधी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही बघून घ्या.

बूट आणि कपडे

रस्त्यावर धावायचे सपाट तळाचे बूट चिखलात निरुपयोगी. ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावायचे बूट हवेत, तळाचे दात किमान ४ ते ५ मिलिमीटर आणि वरची जाळी पाणी झटकन बाहेर टाकणारी. सॅलोमॉनचे स्पीडक्रॉस चिखलात घट्ट रोवतात आणि त्यांची ओढून बसणारी नाडी चिखलात सुटत नाही, पण टाचेचा उंचवटा १० मिलिमीटर असल्याने खडकाळ उतारावर घोटा डुचमळतो. व्हीजेचे आणि इनोव्ह-एटचे बूट ओल्या लाकडावर, दगडावर जास्त धरतात, मात्र महाग आहेत. पहिल्या शर्यतीला डेकॅथलॉनमधले साधे ट्रेल बूटही पुरे होतात. जलरोधक बूट मुळीच नको, आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि पाय पखाल होतो. बूट दोन-तीन आठवडे वापरलेले असावेत. वाळवंटातल्या शर्यतीला बुटावर गेटर (घोट्याभोवतीचं कापडी आवरण) चढवा, नाहीतर वाळू मोज्यात शिरून फोड येतात.

सुती काही नको, मोजेसुद्धा. ओला सुती टी-शर्ट अंगाला ओझं होतो आणि काखेत घासतो. घट्ट कृत्रिम धाग्याचा शर्ट, गुडघे झाकणारी टाइट आणि दोरासाठी नडगीपर्यंतचे मोजे. हातमोजे नकोत, ओले झाले की बारवरून सरकतात. अंगठी, कडं, बांगड्या, मंगळसूत्र, पैंजण घरी ठेवा. अंगठी बारमध्ये अडकली आणि अंग खाली आलं तर बोटाची कातडी सोलून निघते, आणि ही शक्यता कल्पनेतली नाही. लेन्स वापरणाऱ्यांनी एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घालाव्यात.

शर्यतीचा दिवस

हीटच्या दीड तास आधी पोचा. ओळखपत्र, सही केलेलं हमीपत्र, कोरडे कपडे, जुना टॉवेल, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या. खाणं अडीच-तीन तास आधी: पोहे किंवा उपमा, एक केळं. मिसळ-उसळ आदल्या रात्रीही नको. अर्धा लिटर पाणी घोट-घोट करत. नवख्याला स्प्रिंटला एक ते दोन तास लागतात, तेवढ्यासाठी पाठीवर पाण्याची पिशवी नको, ती तारांत अडकते.

सुरुवातीला गर्दीबरोबर सुसाट पळू नका. पहिला किलोमीटर बोलता येईल इतक्या वेगाने. डंक वॉलखालून पाण्यात डोकं बुडवून जाताना एक हात भिंतीच्या कडेवर ठेवा, नाक मिटा, सरळ पलीकडे निघा. शेवटी आगीवरून उडी असते. ओल्या बुटांनी लाकडाच्या अगदी जवळून उडी घेतली तर पाय घसरतो, म्हणून एक पाऊल मागूनच घ्या.

संपल्यावर आधी ओरखडे साबण-पाण्याने धुवा, मग फोटो. चिखलात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि उघड्या जखमेतून लेप्टोची लागण होते. महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना शर्यतीचं आवर्जून सांगा. बूट त्याच दिवशी धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर तळाचा डिंक सुटतो.